गोव्यात बसून सर्केशियन डायस्पोराच्या राजकारणावर प्रोजेक्ट कसा करायचा

डायस्पोरा, म्हणजे मायभूमीबाहेर पांगलेला समाज, हा टॉपिक निघाला की गोव्यातल्या वर्गात निम्मी पोरं इंग्लंडमधलं स्विंडन घेतात, उरलेली लिस्बन नाहीतर कुवेत, आणि त्यात वाईट काही नाही, प्रत्येकाच्या घरचं कोणी ना कोणी तिकडे आहेच. पण मग प्रोजेक्टं सगळी एकाच साच्यातली येतात: मावसभावाची मुलाखत, पोर्तुगीज पासपोर्ट, शेवटच्या पानावर हुमणाची आठवण. ज्यांना यातून बाहेर पडायचंय त्यांना मी सर्केशियन लोकांचा विषय सुचवते, आणि मग हमखास मेसेज येतो, "टीचर, हे कोण?" दर वेळी तेच तेच टाईप करण्यापेक्षा एकदाच सलग लिहून टाकते, वाचा आणि मग शंका विचारा.

आधी थोडी पार्श्वभूमी, ही आली नाही तर पुढचं काहीच कळणार नाही

काळ्या समुद्राच्या ईशान्य किनाऱ्यापासून उत्तर कॉकेशसच्या डोंगरापर्यंत हे लोक राहायचे. स्वतःला ते अदिगे म्हणतात, सर्केशियन किंवा चेर्केस हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव, पण आता तेही त्यांनी आपलं करून घेतलंय. धर्माने बहुतेक सुन्नी मुस्लिम, भाषा मात्र तुर्की, अरबी, रशियन यातल्या कुणाच्याच घरातली नाही. रशियाशी त्यांचं युद्ध साधारण 1763 पासून 1864 पर्यंत चाललं, म्हणजे शंभर वर्षं, आणि 21 मे 1864 ला रशियन सैन्याने क्बादा नावाच्या जागी विजयाची परेड केली. आज त्या जागेला क्रास्नाया पोल्याना म्हणतात. नाव ऐकल्यासारखं वाटलं तर बरोबर, सोचीच्या 2014 च्या हिवाळी ऑलिंपिकमधल्या बर्फावरच्या स्पर्धा तिथेच झाल्या, बरोबर दीडशे वर्षांनी. हे पुढे परत येणार आहे, लक्षात ठेवा.

युद्धाच्या शेवटी आणि नंतर बहुसंख्य लोकांना बोटीत कोंबून ऑटोमन साम्राज्यात हाकललं. ट्राबझोन, सामसुन, वार्ना या बंदरांवर उतरेपर्यंत आणि उतरल्यावर सुद्धा भूक आणि साथीच्या रोगांनी किती मेले याचा पक्का हिशोब कुणाकडेच नाही. ऑटोमन सरकारने यातल्या बऱ्याच जणांना आधी बाल्कनमध्ये वसवलं, मग 1877-78 च्या रशिया-तुर्की युद्धात तिथूनही उठवावं लागलं, आणि त्यातले काही खाली सीरिया, जॉर्डनपर्यंत पोचले. आजचं अम्मान शहर परत वसायला लागलं ते 1878 मध्ये आलेल्या सर्केशियन कुटुंबांपासून, त्याआधी तिथे रोमन अवशेष आणि बेदुइनांचे तळ एवढंच होतं.

आज सगळ्यात जास्त सर्केशियन तुर्कस्तानात आहेत. मग सीरिया, जॉर्डन, इस्रायलमधली दोन गावं, अमेरिकेत न्यू जर्सी, जर्मनी. आणि मायभूमीत म्हणजे रशियात तीन वेगवेगळ्या प्रजासत्ताकांत वाटलेले: आदिगेया, काराचाय-चेर्केसिया आणि काबार्दिनो-बाल्कारिया.

प्रश्न कसा धरायचा

"सर्केशियनांनी परदेशात आपली संस्कृती कशी जपली" असा विषय घेऊन माझ्याकडे येऊ नका. त्याचं उत्तर लिहायच्या आधीच ठरलेलं असतं: जपली, पण नवीन पिढीत थोडी कमी झाली. जगातल्या कुठल्याही लोकांचं नाव घाला, हेच वाक्य बसतं.

माझं म्हणणं असं आहे की ही माणसं एकाच किनाऱ्यावरून निघाली, खाब्झे नावाची एकच रीतभात घेऊन निघाली (मोठ्यांसमोर कसं उभं राहायचं, पाहुण्याला कुठे बसवायचं, सगळं त्यात येतं), तरी आज अम्मानमधला सर्केशियन, इस्तंबूलमधला आणि इस्रायलच्या गॅलिलीतल्या गावातला राजकारणात तीन तऱ्हांनी वागतो. कारण त्या त्या राज्याने त्याला आत यायला ठेवलेला दरवाजा वेगळा. म्हणून भावनांपासून सुरू न करता कायद्यापासून सुरू करायचं. प्रत्येक देशासाठी हेच विचारा: विधिमंडळात राखीव जागा आहे का, जनगणनेत रकाना आहे का, शाळेत भाषा शिकवतात का, सैन्यात घेतात का, आणि स्वतःच्या नावाने संस्था किंवा पक्ष काढता येतो का. या प्रश्नांची उत्तरं एका कागदावर आडवी मांडलीत की तुमचा अर्धा प्रोजेक्ट झाला, उरलेला अर्धा म्हणजे "मग लोकांनी त्याचं काय केलं".

दोन देश घ्या, तीन पुरे, चार घेतले तर एप्रिलपर्यंत संपत नाही हे सांगून ठेवते.

जॉर्डन: इथून सुरुवात करा, सोपं आहे

जॉर्डनमध्ये सर्केशियन संख्येने थोडे पण डोळ्यात भरणारे. राजवाड्याचे पहारेकरी काळा लांब अंगरखा, छातीवर काडतुसांच्या नळ्यांची रांग, डोक्यावर लोकरी टोपी घालून उभे असतात ते सर्केशियन गार्ड. सईद अल-मुफ्ती नावाचे सर्केशियन गृहस्थ 1950 च्या दशकात तिथे पंतप्रधान होते. 1929 च्या पहिल्या विधान परिषदेपासून त्यांच्यासाठी जागा होत्या, 1932 मध्ये त्यांची धर्मादाय संस्था सुरू झाली, 1944 मध्ये अल-अहली हा स्पोर्ट्स क्लब काढला.

आता राखीव जागेचं नीट समजून घ्या कारण बहुतेक जण इथे गडबडतात. 1989 च्या निवडणुकीत संसदेच्या खालच्या सभागृहात 80 पैकी 3 जागा सर्केशियन आणि चेचेन मिळून राखीव होत्या. पण त्या जागेवर मत फक्त सर्केशियन देतात असं नाही, उमेदवार त्या समाजाचा हवा, मत मतदारसंघातले सगळेच देतात. आपल्याकडे पेडणे अनुसूचित जातींसाठी राखीव आहे ना, तसंच, उमेदवार ठरलेला पण मत पेडण्यातल्या प्रत्येकाचं. याचा परिणाम काय होतो? निवडून यायचं तर समाजाबाहेरच्या मतदारांना पटलं पाहिजे, त्यामुळे "सर्केशियन मागण्या" घेऊन कोणी फार ओरडत नाही. याचंच एक बाजूचं उदाहरण म्हणजे तुजान फैसल. 1993 मध्ये जॉर्डनच्या संसदेत निवडून आलेली पहिली स्त्री, आणि ती आली या सर्केशियन-चेचेन कोट्यातल्या जागेवरून, पण तिचं राजकारण बायकांचे हक्क आणि सरकारवर टीका यावर होतं. कोट्याची जागा मिळाली म्हणून माणूस कोट्याचंच बोलतो असं नाही, यावर एक अख्खा चॅप्टर होऊ शकतो आणि मला तरी तो वाचायला आवडेल.

दुसरी बाजू पण लिहा. राजघराण्याशी इतकी जवळीक असली की राजाच्या विरोधात जायची सोय राहत नाही. राजकीय सहभाग भरपूर, पण कुठल्या कुंपणाच्या आत, हे विचारायला विसरू नका.

तुर्कस्तान: इथे वेळ घालवा

सगळ्यात जास्त लोक इथे आणि सगळ्यात कमी मोजलेले पण इथेच. मातृभाषेचे आकडे शेवटचे जाहीर झाले ते 1965 च्या जनगणनेचे, त्यानंतर वंश किंवा भाषा यावर सरकारी आकडाच नाही. दहा लाखांपासून तीस लाख आणि त्याहून जास्त असे अंदाज फिरतात, त्यातला कुठलाही एक उचलून "तुर्कस्तानात इतके सर्केशियन आहेत" असं लिहिलंत तर मार्क कापणार. लिहायचं कसं, तर "संस्था असा दावा करतात" नाहीतर "अभ्यासक असा अंदाज देतात", आणि कोणाचा ते सांगा.

कारण समजून घ्यायचं तर 1923 च्या लोझान तहाकडे जा. तुर्कस्तानने अल्पसंख्याक म्हणून मान्य केले ते फक्त बिगर-मुस्लिम. सर्केशियन मुस्लिम, म्हणून ते कागदावर अल्पसंख्याक नाहीतच, ते तुर्कच. 1934 मध्ये आडनावांचा कायदा आला आणि घराण्यांची जुनी नावं जाऊन तुर्की आडनावं चिकटली. 1983 चा राजकीय पक्षांचा कायदा तर देशात भाषेवरून, वंशावरून अल्पसंख्याक आहेत असं म्हणायलाही पक्षांना मनाई करतो. एवढ्या बंद दरवाजापुढे समाजाने काय केलं? संस्था काढल्या. "कॉकेशस सांस्कृतिक संघ" अशा नावाच्या, जिथे नाच शिकवतात, लग्नं जमतात, म्हातारे पत्ते खेळतात, आणि बाजूच्या खोलीत राजकारण चालतं. मुंबईत धोबीतलावच्या बाजूला गोंयकारांचे कूड होते ना गावागावाचे, बोटीवरचे खलाशी उतरायचे ते, तशी काहीतरी कल्पना करा, फक्त कूडवाल्यांना सरकारची भीती नव्हती.

1970 च्या दशकात या संघांमध्ये दोन गट पडले, हे प्रकरण मला सगळ्यात रंगतदार वाटतं. एक म्हणायचे परत जायचं, मायभूमीशिवाय आपण टिकणार नाही, यांना दोनुश्चू म्हणायचे म्हणजे परतीवाले. दुसरे डावे क्रांतिकारक, यांचं म्हणणं इथेच क्रांती करू, क्रांती झाली की सगळ्यांचे प्रश्न सुटतील त्यात आपलाही सुटेल. दोन्हीकडची पोरं कॉलेजातली, तुमच्याच वयाची, आणि वाद रात्र-रात्र चालायचे. 1980 च्या लष्करी उठावाने संघ बंद पाडले आणि वाद तिथेच राहिला. मग 1991 ला सोव्हिएत युनियन कोसळलं, परतायचा रस्ता खरोखरच उघडला, आणि परत गेले किती? थोडे. परतीचं राजकारण करणं आणि खरंच सामान बांधणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथे कुणाला ढोंगी वगैरे ठरवू नका, तिसऱ्या-चौथ्या पिढीचं घर, नोकरी, कबरी सगळं तुर्कस्तानात आहे.

नंतरच्या गोष्टी पटापट: 1992-93 च्या अब्खाझिया युद्धात (सर्केशियनांच्या नात्यातले अब्खाझ जॉर्जियापासून वेगळं व्हायला लढले ते) इथल्या लोकांनी पैसे, औषधं आणि काही स्वयंसेवकही पाठवले, डायस्पोरा पहिल्यांदा उघडपणे रस्त्यावर आला तो तेव्हा. 2003 मध्ये काफफेड नावाची संघटनांची फेडरेशन झाली. 2004 मध्ये सरकारी टीव्हीवर आठवड्यातून थोडा वेळ सर्केशियन भाषेत कार्यक्रम लागायला लागला. 2012 पासून शाळेत ऐच्छिक विषय म्हणून भाषा घेता येते, पण किमान 10 मुलं जमली तरच वर्ग. आणि 2014 मध्ये बहुलवादी लोकशाही पक्ष म्हणून स्वतःचा पक्षच काढला काही जणांनी. पक्ष मोठा झाला नाही, पण बंद दरवाजावर टकटक करण्यापासून स्वतःचा बोर्ड लावण्यापर्यंतचा प्रवास दिसतो ना, तो दाखवा.

चेर्केस एथेमचं प्रकरण तुर्कस्तान घेतलंत तर वगळता येत नाही. 1919-22 च्या तुर्की स्वातंत्र्ययुद्धात हा माणूस सुरुवातीला अंकाराच्या, म्हणजे मुस्तफा केमालच्या सरकारच्या बाजूचा बिनीचा सरदार, सुलतानाच्या बाजूने बंड करणाऱ्या अनझावूरला त्याने मोडून काढलं, आणि गंमत म्हणजे अनझावूर पण सर्केशियनच. पुढे 1920-21 च्या हिवाळ्यात त्याचं अंकाराशी फाटलं, तो समोरून लढणाऱ्या ग्रीकांच्या बाजूला गेला, आणि शाळेच्या पुस्तकात "गद्दार चेर्केस एथेम" म्हणून बसला. शेवटी 1948 मध्ये अम्मानला मेला. आता विचार करा, वर्गात धडा चालू आहे आणि तुझ्याच समाजाचं नाव गद्दार शब्दाला जोडून बाई वाचतायत, बाकीची पोरं तुझ्याकडे बघतायत. राष्ट्राशी निष्ठा सिद्ध करत राहायची सवय कुठून येते हे समजायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

इस्रायल आणि सीरिया, थोडक्यात

इस्रायलमध्ये कफर कामा आणि रेहानिया ही दोनच गावं, लोक काही हजार. 1958 पासून पुरुषांना सक्तीची लष्करी सेवा. आणि शाळेत स्वतःची भाषा. म्हणजे संख्या चिमूटभर पण भाषा तुर्कस्तानातल्या लाखोंपेक्षा टिकून, त्यामुळे "लोक जास्त म्हणजे ओळख पक्की" हा समज इथे मोडतो. सीरियातल्यांची घरं गोलानमध्ये कुनेत्राच्या आजूबाजूला होती, 1967 च्या युद्धात ती गेली, काही न्यू जर्सीला गेले, बाकी दमास्कसला. मग 2011 नंतर परत युद्ध, काही जण काबार्दिनो-बाल्कारिया आणि आदिगेयाला पोचले, पण रशियन व्हिसा, राहायचा परवाना, भाषा या सगळ्यात अडकले. मायभूमीत गेलं तरी परदेशीच, यावर वेगळा प्रोजेक्ट होईल.

मायभूमी सोडू नका

बरेच जण डायस्पोरा म्हणून फक्त बाहेरचे देश घेतात आणि रशियाला एका परिच्छेदात गुंडाळतात. तिकडे काय चाललंय त्यावर बाहेरचं राजकारण हलतं. रशियन जनगणनेत एकाच लोकांचे चार रकाने आहेत: कबर्दियन, अदिगे, चेर्केस, शापसुग. 2010 च्या जनगणनेत कबर्दियन साधारण 5,17,000, अदिगे 1,25,000, चेर्केस 73,000 आणि शापसुग चार हजाराच्या आत. बेरीज केली की सात लाखांच्या वर जाते, वेगवेगळे ठेवले की आदिगेयात तर ते साधारण चौथा हिस्सा. म्हणून कार्यकर्त्यांनी मोहीम काढली की जनगणनेच्या फॉर्मवर सगळ्यांनी एकच नाव लिहा. जिथे स्वतंत्र पक्ष, स्वतंत्र मागणी यांना वाव कमी तिथे फॉर्ममधला एक रकाना भरणं हाच राजकीय सहभाग होतो. मराठी-कोंकणीच्या वादात वाढलेल्या आपल्याला जनगणनेत मातृभाषेपुढे काय लिहिलं याचं वजन वेगळं सांगायला नको.

2018 मध्ये रशियात कायदा बदलला आणि प्रजासत्ताकांच्या शाळांत स्थानिक भाषा ऐच्छिक झाली. तुर्कस्तानातला 2012 चा ऐच्छिक आणि रशियातला 2018 चा ऐच्छिक, एका ठिकाणी ते पुढचं पाऊल आणि दुसऱ्या ठिकाणी मागचं. हे दोन्ही शेजारी ठेवा, वायवाला म्हणजे तोंडी परीक्षेला एक्स्टर्नल (बाहेरचा परीक्षक) खूश होतो.

21 मेचा व्हिडिओ कसा वाचायचा

फिल्डवर्कला इस्तंबूलला जायला आपल्याकडे पैसे नाहीत, म्हणून हा उपाय. 21 मे हा त्यांचा शोकदिन, दर वर्षी त्याचे व्हिडिओ येतात. एक निवडा आणि आवाज बंद करून बघा. कोणते झेंडे आहेत? हिरवा, त्यावर बारा सोनेरी तारे आणि तीन बाण, तो सर्केशियन. त्याच्या बाजूला तुर्की झेंडा आहे का, असला तर कुणाच्या हातात आहे, पुढे का मागे? मोर्चा कुठे थांबतो? इस्तंबूलच्या इस्तिकलाल रस्त्यावर रशियन वाणिज्य वकिलात आहे, तिच्यासमोर जाऊन थांबला तर मागणी रशियाकडे आहे. काळ्या समुद्राच्या काठी केफ्केनला लोक रात्री मशाली घेऊन किनाऱ्यावर जमतात, तिथे समोर वकिलात नाही, समुद्र आहे, जिथून आजोबा-पणजोबा उतरले. एकाच दिवसाचे दोन कार्यक्रम, एक मागणीचा आणि एक मर्तिकाचा. मग आवाज चालू करा आणि घोषणा कुठल्या भाषेत आहेत ते लिहा, बहुतेक वेळा तुर्कीत असतील, आणि त्यावरून लगेच "भाषा मेली" असं लिहायची घाई नको कारण घोषणा ज्याला ऐकू जायला हवी त्याच्या भाषेतच देतात. हे सगळं तारीख, शहर, कोणी टाकलाय ते धरून वहीत उतरवा. चार-पाच वर्षांचे व्हिडिओ असे बघितले तर बदल दिसायला लागतो, विशेषतः 2014 च्या आधीचे आणि नंतरचे. सोची ऑलिंपिकच्या विरोधात "तुम्ही कबरींवर स्कीइंग करताय" अशा अर्थाची मोहीम चालली तेव्हा न्यू जर्सी, इस्तंबूल, अम्मान इथली पोरं पहिल्यांदा एकाच मागणीखाली एकमेकांशी बोलायला लागली. दरवाजे वेगवेगळे हे माझं म्हणणं जिथे थोडं डळमळतं ती ही जागा, आणि तुम्ही ते दाखवून दिलंत तर मला राग येणार नाही.

मान्यता कोणी दिली, आणि का तेव्हाच

21 मेच्या मागची मोठी मागणी म्हणजे 1864 ला जे झालं त्याला जनसंहार म्हणा. जॉर्जियाच्या संसदेने 20 मे 2011 ला तसं मान्य केलं, असं करणारा तो पहिला देश. युक्रेनच्या संसदेने 9 जानेवारी 2025 ला. आता तारखा बघा. जॉर्जियाचं रशियाशी युद्ध झालं 2008 ला, युक्रेनचं चालूच आहे. म्हणून सर्केशियनांमध्येच मतं दोन, काही म्हणतात कोणी का देईना, मान्यता ती मान्यता, काही म्हणतात आमचं दुःख दुसऱ्याच्या भांडणात वापरलं जातंय, त्यात अब्खाझियाच्या युद्धात जॉर्जिया समोरच्या बाजूला होता हे कोणी विसरलेलं नाही. 1991 ला नाल्चिकला (काबार्दिनो-बाल्कारियाची राजधानी) सुरू झालेली आंतरराष्ट्रीय सर्केशियन असोसिएशन मॉस्कोच्या फार जवळची आहे अशी टीका बाहेरच्या संघटना करतात. तुमच्या प्रोजेक्टमध्ये "सर्केशियनांची मागणी" असं एकवचनी वाक्य आलं की तिथे थांबा आणि कोणाची ते विचारा.

सर्च, आकडे आणि नावं

इंग्रजीतच शोधलंत तर तेच तेच लेख येतात. तुर्कीत चेर्केस लिहिताना पहिल्या सी ला खाली शेपटी असते, ती टाकून शोधा. अरबीत शर्कस. तुर्कस्तानात चेर्केस म्हणताना कधी कधी अब्खाझ, चेचेन, ओसेत सगळेच धरतात, त्यामुळे संस्थेचा आकडा मोठा आणि भाषाशास्त्रज्ञाचा छोटा असू शकतो आणि दोघंही खोटं बोलत नसतात. 1864 च्या विस्थापितांचे आकडे पाच लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत सापडतात, रेंज द्या, एकच आकडा ठणकावू नका.

मराठीतून लिहिणार असाल (लिहा, गोव्यात मराठीतून असला विषय कोणी लिहीत नाही) तर नावांची एक यादी सुरुवातीलाच करा आणि शेवटपर्यंत तेच स्पेलिंग ठेवा. एका पानावर अदिगे आणि दुसऱ्यावर अडिघे असं झालं की वाचणाऱ्याला दोन जमाती वाटतात. पणजीला पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत ऑटोमन आणि रशियन इतिहासाच्या कपाटांपासून सुरुवात करा, सर्केशियन असं नाव असलेलं पुस्तक हाती लागलं नाही तरी या पुस्तकांच्या इंडेक्समध्ये बोट फिरवा.

एक मोह टाळा. इजिप्तचे शेवटचे मामलुक सुलतान सर्केशियन होते, आणि 1508 ला चौलला आणि 1509 ला दीवला पोर्तुगीजांशी लढलेलं आरमार त्यातल्याच कानसूह अल-घौरी सुलतानाचं. म्हणजे अल्बुकेर्क गोव्यात घुसायच्या वर्षभर आधी आपल्या समुद्रात सर्केशियन सुलतानाची जहाजं बुडत होती. भारी आहे, मान्य, पण मामलुक म्हणजे विकत घेतलेल्या सैनिकांची राजवट, 1864 च्या विस्थापितांशी त्याचा संबंध नाही. तळटीपेत टाका.

मुलाखती

न्यू जर्सी, जर्मनी, तुर्कस्तान इथल्या संस्थांना ईमेल केला तर उत्तरं येतात, विद्यार्थी म्हणून नीट ओळख द्या. आपली रात्रीची साडेनऊ म्हणजे इस्तंबूलची संध्याकाळची सात, ती वेळ दोघांना बरी. पहिलाच प्रश्न "तुम्ही स्वतःला तुर्क मानता की सर्केशियन?" असा टाकू नका, तुम्हाला कोणी "तू गोंयकार की भारतीय?" विचारलं तर तुम्ही काय सांगाल, चिडालच. त्यापेक्षा विचारा: घरी आजी कुठल्या भाषेत रागावायची, मतदानाच्या आदल्या दिवशी घरात कोणाचं ऐकतात, संघात पहिल्यांदा कोणाबरोबर गेलात, मुलाचं नाव कागदावर एक आणि घरात दुसरं आहे का. यातून ओळख आपोआप बाहेर येते.

आणि मोरजी-हरमलच्या रशियन टुरिस्टांना धरून मुलाखती घ्यायची आयडिया काही जणांना सुचते. रशियन पासपोर्टवाला प्रत्येक जण वंशाने रशियन नसतो, हे खरंच, त्यात कोणी नाल्चिकचा पण निघू शकेल, पण समुद्रावर सुट्टीला आलेल्या माणसाला मोबाईल पुढे करून 1864 बद्दल विचारायचं नाही. परत गेल्यावर त्याला त्रास होऊ शकतो. तुर्कस्तान, रशियातल्या कोणाचंही नाव, गाव, कामाची जागा लिहायची नाही, रेकॉर्डिंग ड्राइव्हवर उघडं टाकायचं नाही, लेखी परवानगी घ्या आणि नंतर नको म्हणाले तर काढून टाका.

गोव्याचा चॅप्टर घालायचा का

घाला, पण शेवटी आणि दहा पानांत. तुलना बसते ती नागरिकत्वावर. 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांच्या नातवंडांपर्यंत लोक पोर्तुगीज नागरिक होतात, भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणून मतदानाचा हक्क जातो, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) मिळालं तरी मत मिळत नाही. तरी तोच माणूस स्विंडनमध्ये बसून पंचायतीच्या निवडणुकीवर तासभर बोलतो. 16 जानेवारी 1967 च्या ओपिनियन पोलला (गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही यावरचं मतदान) मुंबईतल्या गोंयकारांना मत देता आलं नव्हतं, तेव्हाही मायभूमीचा निर्णय कोणी करायचा हाच प्रश्न होता, आणि आपल्या मराठीवाल्या घरांत त्याची जखम कशी होती ते आजोबांना विचारा. हे सगळं जॉर्डनच्या कोट्याच्या आणि रशियातल्या रकान्याच्या बाजूला ठेवता येतं. पण एक रेघ ओढून ठेवा: आपली माणसं बहुतेक पोटासाठी गेली, तिकीट काढून, सुट्टीत चवथीला आणि फेस्ताला परत येत. ते हाकलले गेले आणि त्यांच्या गावांची नावंसुद्धा नकाशावरून गेली. ही रेघ पुसून "आपण सगळे डायस्पोरा" असं लिहिलं तर मी ते पान परत पाठवते.

वायवाला तीन प्रश्न येतात असं धरून चला. राखीव जागा नसत्या तर जॉर्डनमध्ये काय झालं असतं? मोजलंच नाही तर राजकारण करता येतं का? आणि तिसरा, "हे गोव्यात कोणाला काय उपयोगाचं?" तिसऱ्याचं पाठ केलेलं उत्तर देऊ नका, एक्स्टर्नलला त्याच्या घरातले किती जण बाहेर आहेत आणि त्यातले कितीजण मत देऊ शकतात ते विचारा. पहिला ड्राफ्ट डिसेंबरच्या सुट्टीआधी द्या, आणि फाईल पीडीएफ नको, वर्डमध्येच पाठवा, मला शेजारी शेरे लिहायचे असतात.